चुन्यात बसवलेली काच

रस्त्याच्या कामावर गेलो की मी आधी रस्ता बघत नसे, कडेच्या भिंती बघत असे. रस्ता आपल्यालाच खणायचा असतो, तो कुठं पळून जात नाही. भिंती मात्र काम सुरू झालं की बोलायला लागतात, आणि त्यांच्या वतीनं माणसं बोलतात. माणसं खरं बोलतात की नाही हे ठरवायचं माझ्यावर यायचं. बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून माझी बहुतेक नोकरी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत झाली. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी पोलिसासारखीच गेली.

मी पिंपळवंडीचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. वडील एकदा माझं काम बघायला आले. मी उन्हात, डांबराच्या धुरात, पॅंट गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "येवढं शिकलास, आन् शेवटी सडकंवरच आलास व्हय?" माझ्या हातातली दुर्बीण, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, मी त्यांना दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. म्हणाले, "ह्यातून माणूस उलटं दिसतंय." त्या जुन्या यंत्रातून उलटंच दिसायचं. पुढं मला कित्येकदा वाटलं, माणसं मला उलटी दिसायची सवय तिथूनच लागली असावी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रस्ता करायचा म्हणजे खडी टाकायची, डांबर ओतायचं, रोलर फिरवायचा. पण गावातला रस्ता हा दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेला असतो. जुन्यावर नवा थर चढवत गेलं की रस्ता वर येतो आणि घराचं जोतं खाली जातं. मग पहिल्याच पावसात रस्त्यावरचं पाणी उंबऱ्यातून आत. थर चढवायचा नाही म्हणून खणावं तर जुन्या घरांचे पाये उघडे पडतात. आपल्याकडची पेठेतली घरं दगडमातीत बांधलेली, पाया कुठं कुठं हातभरसुद्धा खोल नाही. त्यात थरथरणारा रोलर आला की कपाटातल्या कपबशा वाजतात, आणि त्या वाजल्या की घरातली बाई भिंतीकडं बघते. तिला तिथं हमखास भेग दिसते. ती आजची की आज्याच्या काळातली, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न मला घोडेगावात नीट कळला. नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका गृहस्थांनी मला हाताला धरूनच घरात नेलं.

"बघा सायेब. काल रोलर गेला आन् ही भिंत फाटली. आता बांधून द्या."

भेग चांगली कमरेपासून छतापर्यंत होती. मी घाबरलोच. मध्ये एक कॅलेंडर लटकत होतं, ते सहज उचललं. खाली भिंतीचा रंग ताजा निळा, आणि भेगेच्या आतही तोच निळा. म्हणजे रंगाऱ्याचा ब्रश फिरला तेव्हा भेग तिथं होतीच.

"ह्या भेगेनं रंग कधी लावून घेतला?" मी विचारलं.

गृहस्थ जोरात हसले. "तुमी लई बारीक हाय राव. बसा, च्या घ्या."

चहा घेतला, पण तेव्हापासून मी तीन गोष्टी बघायला लागलो. भेगेत रंग किंवा चुना आहे का, कोळ्याचं जाळं आहे का, धूळ आहे का. तिन्हींपैकी एक जरी सापडलं तरी भेग जुनी, आणि आमचा रोलर निर्दोष. काम सुरू करायच्या आधी घरोघर जाऊन भेगांची यादी करायची आणि मालकाची सही घ्यायची, हेही मी तेव्हापासून सुरू केलं. संशय राहिलाच तर भेगेवर काचेची पट्टी बसवायची. पट्टी बोटभर रुंद, दोन्ही टोकांना सिमेंटची टिकली, आणि काचेवर लाल रंगानं तारीख. काच ताणत नाही. भेग केसभर जरी हलली तरी ती तडकते. माणूस खोटं बोलेल, काच बोलणार नाही, असं मी हाताखालच्या लोकांना सांगत असे.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. जुन्नर तालुक्यातलं एक बाजाराचं गाव. नाव लिहीत नाही, घरं अजून तिथंच आहेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेठेतला मुख्य रस्ता मुळापासून खणून नवा करायचा, आणि शेजारच्या बोळांतून पावसाच्या पाण्याची बंदिस्त गटारं काढायची, असं काम होतं.

पेठेच्या मध्यावर पोपटशेठचं घर. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण पोपटशेठ मराठी बोलायला लागले की माझ्यापेक्षा शुद्ध. घराला रस्त्याकडं दोन गाळे. एकात शेठचं कापडाचं दुकान. दुसऱ्यात कासारमावशींचं बांगड्यांचं दुकान आणि मागं त्यांची राहायची खोली. मावशी पन्नाशीच्या, एकट्या, तिथं लग्न होऊन आल्यापासूनच्या भाडेकरू. त्या खोलीची लांबची भिंत बोळाला लागून. शेठना तो गाळा परत हवाय, हे पेठेत पोराटोरांना ठाऊक होतं. मावशींनाही ठाऊक होतं.

यादी करायला गेलो तेव्हा मावशींनी मला दुकानाच्या पुढं येऊ दिलं नाही. "आत आंगुळीचं पानी काढलंय," म्हणाल्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही पाणी काढलेलंच. मी वहीत लिहिलं, 'खोली पाहू दिली नाही.' मनात म्हटलं, आत काहीतरी लपवलेलं दिसतंय.

रोलर फिरायला लागून आठवडा झाला असेल. पोपटशेठ साइटवर आले.

"साहेब, कासारमावशींच्या भिंतीला भेग गेली आहे. बोळातून दिसते. तुम्ही बघा आणि तसा कागद द्या."

"कसला कागद?"

"भिंत धोकादायक आहे असा. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

माझ्या डोक्यात घंटा वाजली. धोकादायक असा इंजिनिअरच्या सहीचा कागद मिळाला की भाडेकरू बाहेर, आणि दोष रस्त्याच्या माथी. रोलर चालवणारे इस्माईलभाई शेजारी बिडी ओढत होते. शेठ गेल्यावर म्हणाले, "साहब, शेठला रस्ता नको, गाळा पायजे."

मला तेच वाटत होतं. दुसऱ्यानं बोलून दाखवलं की आपला संशय आपल्याला सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

मी भिंत बघायला गेलो. या वेळी मावशींनी आत येऊ दिलं, जरा जास्तच लगबगीनं.

"भेग कुठली वो? जुनी रेघ हाय ती. माझं लगीन झालं तवापास्नं हाय."

मी खिशातला खिळा काढून भेगेत फिरवला. चुना. काठोकाठ भरलेला. माझ्या हिशेबानं निकाल लागला. एवढंच की खिळा बाहेर काढला तेव्हा त्याला पांढरा लगदा लागला होता, आणि माझ्या बोटालाही. जुना चुना कोरडा असतो, भुसभुशीत निघतो. मी ते बोट रुमालाला पुसलं आणि भिंतीला ओल असेल म्हणून सोडून दिलं. पंचवीस वर्षं झाली, त्या रुमालाची आठवण अजून जात नाही.

शेठना मी सांगितलं, "भेग जुनी आहे. आत चुना आहे."

"चुना?" शेठ माझ्याकडं बघत राहिले. "साहेब, मला खरंच भिंतीची काळजी आहे."

"भिंतीची की गाळ्याची?" मी म्हणालो.

ते वळले आणि निघून गेले. मला वाटलं, वर्मी लागलं. तरी पुरावा हवा म्हणून मी स्वतः त्या भेगेवर काच बसवली, तारीख घातली आणि मावशींना बजावलं, "हिला हात लावायचा नाही. तडकली की मला लगेच सांगायचं."

"तडकली तर काय व्हतं?"

"मग भिंत हलतेय असं समजायचं. खोली रिकामी करावी लागेल."

हे वाक्य मी फार सहज बोललो.

पुढच्या आठवड्यात बोळातल्या गटाराचं काम निघालं. जुन्या भिंतीला लागून चर खणायचा तर तुकड्यातुकड्यानं खणावा. चार-पाच फूट खणायचं, पाइप टाकायचा, बुजवायचं, मग पुढं सरकायचं. कॉलेजात शिकवलेलं, मला तोंडपाठ. पण ठेकेदारानं मशीन लावून एका सकाळीच अख्खा बोळ उकरला आणि पाइप आलेच नाहीत. उद्या येतील, परवा येतील करत चर उघडा राहिला. त्यात वळवाच्या दोन सरी झाल्या आणि चरात पाणी साठलं. मी ते बघितलं का? बघितलं. ठेकेदाराला दोनदा बोललोही. पण माझं सगळं लक्ष रोलर, भेगा आणि खोटं बोलणारी माणसं यांच्यावर. आठवड्याला एकदा मावशींच्या खोलीत डोकावायचो, काच अख्खी दिसायची, तारीखही जागेवर. मी इस्माईलभाईंना म्हणायचो, "बघा, शेठचा डाव फसला."

एकदा ते म्हणाले, "साहब, सगळ्या पेठेत धूळ. माझ्या दाढीत धूळ. ती काच एवढी साफ कशी?"

"बाई टापटीप आहे," मी म्हणालो.

त्याच सुमारास आमच्या पुतणीचं लग्न ठरलं. नवरीचा हिरवा चुडा भरायला कासारमावशींना पिंपळवंडीला बोलवायचं, असं वहिनीनं सांगितलं. मी हळदीकुंकवाची पुडी आणि सुपारी घेऊन दुकानात गेलो.

मावशींनी पुडीला हातसुद्धा लावला नाही. "मला न्हाई जमायचं भाऊ. दुसरं कासार बघा."

मी चक्रावलो. आमच्याकडं कासार लग्नाच्या चुड्याला नाही म्हणत नाही. ताप असला तरी येतो. धंदा राहू द्या, नवरीला नाही म्हणणं अपशकुनाचं समजतात.

"गाडी पाठवतो. सकाळी नेऊन दुपारी आणून सोडतो."

"अर्धा दिस घर सोडून कशी येऊ?"

"घराला काय झालंय?"

त्या बांगड्यांचे डबे उगाचच सरळ करायला लागल्या. मी त्यांच्या हातांकडं बघत होतो आणि तेव्हा शोकेस दिसली. खालच्या कप्प्याची काच नव्हती. तिथं पुठ्ठा लावला होता.

"काच कुठं गेली?"

"मांजरानं पाडली."

मांजरानं पाडली तर तुकडे होतात. पुठ्ठ्याच्या कडेला उरलेली काच सरळ रेषेत कापलेली होती, हिऱ्याच्या पेननं कापतात तशी. मी विचारायला थांबलो नाही, सरळ आत गेलो. भेगेवरच्या पट्टीखाली नख घातलं, आणि ती माझ्या हातात आली. टिकल्या सिमेंटच्या नव्हत्या. चुन्याच्या होत्या, वरून राख चोळून करड्या केलेल्या. चुना मऊ, भेगेबरोबर सरकत राहतो. अशा चुन्यात बसवलेली काच कधीच तडकणार नाही. तारखेचे आकडे मात्र हुबेहूब, पेठेतल्या पाट्या रंगवणाऱ्याकडून काढून घेतलेले.

वरून चोपडलेला चुना खरवडला, तर काचेखालच्या भेगेत माझं बोट जात होतं.

"किती बदलल्या?" मी विचारलं.

"ही तिसरी. दुसरी सिमेंटात व्हती, तीबी तडकली."

"पहिली कधी तडकली?"

"बोळात चर खांदला, त्याच्या दुसऱ्या दिशी."

"आणि भेगेतला तो आधीचा चुना?"

"मीच भरला. शेठ तुमच्याकडं गेल्यालं कळलं, तवा. रोलर फिराय लागल्यावर पडली व्हती भेग. बारीक व्हती." मग खाली बघून म्हणाल्या, "तुमी शेठचं मानूस म्हनून आलाय, आसं वाटलं मला."

त्यांनी बांगड्यांच्या डब्यातून एक पुडकं काढलं. त्यात माझी काच होती. मधोमध तडकलेली, लाल तारीख दोन तुकड्यांत.

"सरकारची वस्तू. टाकायची कशी?"

मी बोळात धावलो. भिंतीला बाहेरून पोट आलं होतं, आणि खाली चरात पाणी. चर पायाच्या खाली गेलेला, पायाचे दगड उघडे. रोलरनं केसाएवढी भेग पाडली होती. भिंत पाडायचं काम माझ्या चरानं चालवलं होतं, आणि मी खिळा घेऊन चुना तपासत होतो.

"मावशी, बाहेर या. आत्ता."

मावशी उंबऱ्यावर बसल्या. "भाईर आले तर परत आत कोन घेनार?"

"भिंत पडेल!"

"पडू द्या. मी आत आसंल तर खोली माजी. भाईर आसंल तर शेठची."

पोपटशेठ दुकानातून आले, मागं इस्माईलभाई. शेठ म्हणाले, "मावशी, मी काय तुम्हाला हाकलणार आहे का?"

"तोंडानं नगा बोलू शेठ. कागदावर लिवा."

"माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"न्हाई."

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझ्यावर त्यांचाही तेवढाच विश्वास उरलाय हे मला कळलं. मी त्यांना म्हणालो होतो, भिंतीची की गाळ्याची.

उंबऱ्यातच खाली बसून मी वहीतला कागद फाडला. लिहिलं की या भिंतीचा पाया गटाराच्या चरामुळं उघडा पडला, चर वेळेत बुजवला नाही, त्यामुळं राहणारी बाई तात्पुरती बाहेर निघत आहे, आणि भिंत उभी राहताच त्याच खोलीत परत येईल. खाली माझं नाव, हुद्दा, सही. आपल्याच कामाविरुद्ध असा कागद कुणी देत नाही. आमच्या खात्यात पहिली शिकवण हीच की सही करायची नाही. मी शेठपुढं धरला. त्यांनी दोनदा वाचला. पेन हातात घेऊन बराच वेळ थांबले. शेवटी सही केली आणि म्हणाले, "डबे माझ्या दुकानात ठेवा. गादीवर. फुटायला नकोत."

मावशींनी सहीवर बोट फिरवून बघितलं, शाई वाळली का ते, आणि मगच उंबरा सोडला. मी, इस्माईलभाई आणि चार मजूर बांगड्यांचे डबे वाहत होतो. "आस्ते रे, आस्ते," इस्माईलभाई ओरडत होते, "रोलर न्हाई चालवत, काच हाय."

भिंत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बसली. मोठा आवाज झाला नाही. पोतं फाटून धान्य ओघळावं तशी ती चरात उतरत गेली, आणि बोळभर पिवळी धूळ उठली. मावशींची चूल, पलंग आणि भिंतीतलं कपाट खाली होतं.

पुढच्या आठवड्यात त्या पिंपळवंडीला आल्या. राखायला आता भिंतच नव्हती. पुतणीच्या हातात चुडा चढवताना एकही बांगडी फुटली नाही. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत.

माझ्याकडून खुलासा मागवला, तो मी दिला. कागदावर होतं तेच लिहिलं. सहा महिन्यांत बदली झाली, तीही मुकाट घेतली. भिंत ठेकेदाराकडून बांधून घेतली, आणि शेठनी दिलेला शब्द पाळला, मावशी परत आत गेल्या. पण शेठच्या मनात तेव्हा खरंच काय होतं, भिंतीची काळजी की गाळा, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित दोन्ही. कागद नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी करतो आणि सोडून देतो.

त्यानंतर काही वर्षांनी कामानिमित्त त्या पेठेतून गेलो. रस्ता मधल्या काळात पुन्हा एकदा झाला होता, माझ्या नंतरच्या कुणीतरी. न खणता थर चढवलेला. बांगड्यांच्या दुकानात जायला पूर्वी दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता एक उतरावी लागते. मावशी चष्मा लावून बसल्या होत्या. मला ओळखलं.

"या सायेब. ह्या बारीला काय खांदनार?"

"काही नाही मावशी. सहज आलो."

"सहज कुनी येत न्हाई."

बोलता बोलता माझी नजर सवयीनं आतल्या भिंतीकडं गेली. नवी भिंत, स्वच्छ. कोपऱ्यात दोन दगडांच्या सांध्यावर बोटभर रुंद काचेची पट्टी होती. लाल रंगात तारीख.

"ही कुणी लावली?"

"मीच. रस्ता परत व्हनार म्हनत होते, तवा."

"पण इथं भेग नाही."

"पडंल तवा कळंल की. तुमच्या खात्याला कळायच्या आदी."

मी जवळ जाऊन हात पुढं केला. नख पट्टीच्या टोकाखाली जाणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावायचा न्हाई. सिमेंटातच बसवलीया. चुन्यात बसवलेली खोटं बोलती, हे मला चांगलं ठावं हाय."

मी हात मागं घेतला. पायरी चढून रस्त्यावर येईपर्यंत त्या माझ्या हातांकडं बघत होत्या.